खालचं टिंब

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी कोऱ्या नोटा बघत बसलो.
खर्च नाही केल्या, फक्त बघितल्या.
एखादी रेघ पुसट, एखादं टिंब सरकलेलं,
की ताव बाजूला.
घरी आल्यावरही बोटं हवेत ताव उलटायची.
ही म्हणायची, जेवा आता, ताटावर नंबर नाही.

आता पंचवटीत, मनपा शाळेच्या वरच्या वर्गात
शनिवारी चार ते साडेपाच
पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवतो.
पेटी एक, तिचा भाता फाटका.
पोरं अकरा.

कोमल म्हणजे अक्षराखाली आडवी रेघ,
मी फळ्यावर काढतो.
कोमल सानप हात वर करते,
"सर, माझ्या नावाखाली पण मारायची का?"
मारली. नाहीतर आठवडाभर बोलली नसती.
तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ.
"रेंज येते का सर त्याला?" यासीन.
आणि हे ऽ?
"गळ," समाधान म्हणतो,
"मासा लागेपर्यंत थांबायचं."

समाधान गांगुर्डे, इयत्ता पाचवी.
मराठीचा धडा वाचायला उभा केला
की अक्षरं त्याच्यासमोर जागा बदलतात,
भ चा म होतो, घ चा ध,
वर्ग हसतो, बाई बसवतात.
बाईंनीच पाठवला वर,
निदान टाळ्या तरी वाजवेल म्हणून.
वाजवल्या. समेवर टाळी, खालीला मोकळा हात.
मग एकदा जिन्यात म्हणाला,
"सातच अक्षरं आहेत ना सर.
सातांना मी धरून ठेवतो."

शाळा सुटली की तो गंगेवर असतो,
सुतळीला लोहचुंबक बांधून
लोकांनी सोडलेली नाणी ओढतो.
मंद्र सप्तक त्यानेच समजावलं बाकीच्यांना:
घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली पण असतात.
दिसत नाहीत. पाय सोडला की लागतात.
टिंब खाली, म्हणजे पायरी पाण्यात.

गेल्या शनिवारी भूप काढला.
माझ्या गुरुजींचं जुनं पुस्तक, त्याच्या झेरॉक्स.
सा रे ग ऽ । रे सा ध ऽ
दहा जणांनी सा वरून उडी मारली
ती थेट वरच्या धैवतावर.
समाधान एकटा खाली उतरला.

"चुकलास. कागद बघ. टिंब आहे का?"
त्याने बघितलं, बोट ठेवून, ओठ हलवत,
मराठीच्या तासाला बघत असेल तसं.
"नाहीये सर. पडायचं राहिलंय.
ग वरून रे, रे वरून सा, पाय खालीच चाललाय.
मधेच कोण वर पळतं?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
चाळीस वर्षं हे पान माझ्याकडे.
दर वेळी गाताना खालीच गेलो,
आणि कागदावर ते नाही
हे दिसलंच नाही कधी.
म्हणजे मी हे पान वाचलंच नव्हतं.
ज्याचा एकतीस वर्षं पगार घेतला
ते काम हेच.

प्रेसमध्ये असता, तर ताव बाजूला काढला असता.
इथे मी समाधानला पेन दिलं.
ध च्या पायाशी त्याने टिंब दिलं,
जरा मोठंच. शाई मागच्या बाजूला उतरली.
मग उरलेल्या दहा कागदांवर.
खूप वेळ लागला.
यासीन उगाच भाता मारत बसला,
खाली रिक्षावाले निमाणी, निमाणी ओरडत होते.

शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात
त्याने आपलं नाव लिहिलं.
समाधन.
मी काही बोललो नाही.
"धा चा काना राहिला," कोमल बोललीच.
त्याने पेनाचं टोपण लावलं.
"असू दे," म्हणाला,
"हाक मारताना लागतो बरोबर."